पहिला घोट

४ नोव्हेंबर १९६८, सोमवार

पोचले एकदाची लोणावळ्यात! तळेगावपासून अंतर ते केवढं, पण यांनी वाटेत मला ट्रंकेला हातसुद्धा लावू दिला नाही. स्टेशनवर हमालाने विचारलं, बाईंना बरं नाही का. हे तोंडभर हसून म्हणाले, बरं आहे, फार बरं आहे. आता हमालाला कशाला सांगायचं! तिसरा महिना तर लागलाय. असं तोंडभर हसून दोनदा झालंय आणि दोनदा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडूनही झालंय. या खेपेला कुणाला सांगणार नाही, आईलासुद्धा नाही. इथे लिहिते, कारण कुठे तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मला हे मूल हवंय. दुसरं काही नको.

डॉक्टर ढमढेरे यांचं 'संशोधन केंद्र' म्हणजे वळवणच्या बाजूला एका पारशिणीचा जुना बंगला निघाला. मी आपली तीन मजली इमारत डोळ्यांपुढे धरून आले होते. जेवणघराची लॅब केलीय, ताटं ठेवायच्या फडताळात टेस्टट्यूबा. पण सूक्ष्मदर्शक काय आहे म्हणून सांगू! जर्मन, नवा, जरा फिरवला की पेशी समोर हजर. पुण्याला आम्ही चौघीजणी एका खटाऱ्यावर डोळे फोडायचो. बाबा काचकारखान्यात होते, त्यांनी ही भिंगं पाहायला हवी होती.

मला मागची आउटहाउसची खोली मिळाली आहे, उन्हाची आणि स्वच्छ. हे देहूरोडच्या डेपोतून दर रविवारी येणार. जाताना चार वेळा मागे वळून पाहिलं. मी हसत होते, पण जरा भरून आलंच.

७ नोव्हेंबर

काम आवडलं. डॉक्टर उंच, सडसडीत, लष्करातले. चालताना बोलतात आणि बोलताना चालतात, त्यामुळे निम्मं ऐकायला मला मागे पळावं लागतं. महायुद्धात ते मलायात होते. तिथे पेनांगला एका चिनी वैद्याचं दुकान होतं. तो एका पिवळ्या मुळीचा काढा द्यायचा आणि साथ आली की त्याची गिऱ्हाइकं तेवढी उभी राहायची. डॉक्टरांनी येताना मुळ्या आणि बी आणलं, आणि बंगल्यामागे वाफे केले. वैद्य काढा थोडे दिवस देई आणि बंद करी. का, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. बासष्टपासून इथे 'चिनी' हा शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद आहे, नाही तर पोलीस पाटील वाफे उपटायला येईल. आम्ही नुसतं 'पिवळी मुळी' म्हणतो.

मुळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काय होतं, ते आम्ही बघतोय. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. आपलं कोण आणि परकं कोण हे त्यांना कळतं, परकं दिसलं की गिळून टाकतात. रक्ताच्या थेंबात पावाचं यीस्ट मिसळायचं, ऊब द्यायची आणि कुठली पेशी किती कण गिळते ते मोजायचं. यीस्ट बाजारातल्या इराण्याकडून आणते. बाई घरी पाव करते अशी त्याची समजूत झालीय आणि पाव कसा झाला म्हणून रोज चौकशी करतो.

तुलनेला औषध न घेतलेल्याचं रक्त लागतं. काढा सुरू झाला की ते अर्थातच माझं. सगळ्या लॅबमध्ये हाच रिवाज, 'नॉर्मल' पाहिजे की टेक्निशियनने आपलंच बोट पुढे करायचं. टोचून टोचून माझ्या बोटांना घट्टे पडलेत. पुण्याला आम्ही म्हणायचो, सगळं शहर आजारी पडलं तरी चालेल, पण टेक्निशियनला शिंक येता कामा नये.

१३ नोव्हेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

काढा घ्यायला वरच्या ठाकरवाडीतली माणसं कबूल झालीत. त्यांच्या पोरांना सारखा खोकला, पायांना जखमा. आज सगळी सकाळीच अंगणात येऊन बसली. पुढे सावित्राबाई, वाडीतली थोरली. कपाळापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण. शेजारी तिचा मुलगा गेणू आणि गेणूची बायको चिंगी, पाचव्या महिन्याची. मी वाटी पुढे केली तर सावित्राबाई हातच लावेना. म्हणाली, "आमच्यात औशिद देनारा आदी घोट घेतो. तू न्हाई घेतला तर आमी बी न्हाई."

मी घोटाळले. मनात आलं ते सांगूनच टाकलं, की आम्ही बौद्ध, पूर्वी आमच्या हातचं पाणी लोकांना चालत नसे. शाळेत माझा तांब्या वेगळा होता. छप्पन्न साली दीक्षा घेतली, तरी कामशेतच्या बाजारात एका दुकानदाराने मला पाणी वरून ओतलं होतं. सावित्राबाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग? तुजं त्वांड कडू हाय व्हय?" सगळी वाडी हसली.

मग मी प्रत्येकाच्या वाटीतून आधी एक घोट घेतला आणि प्रत्येकाने माझ्या उष्ट्या काठाला तोंड लावून वाटी रिकामी केली. म्हातारे, पोरं, सगळ्यांनी. भांडी विसळायचं निमित्त करून मी वाफ्यांमागे जाऊन रडले. वेडीच मी! पण किती बरं वाटलं, ते कसं लिहू?

डॉक्टरांना हे सांगणार नाही, ते स्वच्छतेवर भाषण देतील. घोटभर काढ्याने काय होतंय, आणि चिंगीलाही ते देतातच की. उद्यापासून रोज असंच.

२६ नोव्हेंबर

वाडीतला खोकला थांबला. जखमा कोरड्या पडल्या, पू नाही की ताप नाही. गेणू आज लंगडत आला आणि एक काळा काटा दाखवला. लहानपणी करवंदीत गेलेला काटा, टाचेत मोडून राहिलेला, आज आपोआप वर आला. गेणू तो सगळ्यांना दाखवत हिंडतोय, चिंगी त्याला म्हणते, आता नाकात घाला.

चिंगीने मला ओळखलं बरं का! वाटी देताना माझ्या पोटाकडे बघून हळूच विचारलं, कितवा. मी चौथा म्हणाले. "माज्या आदी होऊ दे, मंग तुला शिकवते," म्हणाली. जेमतेम वीस वर्षांची पोर, मला शिकवणार! मला ती फार आवडते.

माझी मळमळ पार गेली आणि भूक सपाटून लागते. डॉक्टर मात्र चिडलेत. वाडीतल्या पेशी भराभर यीस्ट गिळतात, पण माझ्याही तशाच गिळतात. मग औषधाचा गुण तो काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं मी शहरात खाऊन-पिऊन वाढलेली, माझं रक्त चांगलंच असणार. त्यांनी काढ्याचं प्रमाण दुप्पट करायला सांगितलंय.

९ डिसेंबर

सावित्राबाई आज संतापून आली. कपाळावरचं गोंदण पुसट झालंय. हातावरची वेल तर मनगटाकडून नाहीशीच होत चाललीय. ती म्हणत होती की सोनं-नाणं इथंच राहतं, मेल्यावर बाईबरोबर गोंदण तेवढं जातं, आणि ते तुम्ही माझ्या अंगावरून चोरलंत. 

डॉक्टरांना कसला आनंद झाला! मला मागे पळवत ते सांगत होते. गोंदणाची शाई कातडीत राहते ती पेशींमुळेच. त्या शाई गिळतात, पण ती पचत नाही, म्हणून जन्मभर तशाच बसून राहतात. आता त्यांना ती पचवायला येतेय. सावित्राबाईच्या रक्ताचा थेंब बघितला तर खरंच, पेशींच्या पोटात काळे कण. बघता बघता कण लहान होत गेले.

मला कौतुक वाटायला हवं होतं. अंगावर काटा आला.

माझा थेंब शेजारीच होता. आजही दोघींच्या गिळण्यात फरक नाही. प्रमाण परत वाढवलंय.

२० डिसेंबर

अंगाबाहेर काढलेल्या पेशी काही तासांत मरतात. शनिवारी मी एक काच विसरून तशीच ठेवली होती, ती आज पुसायला घेतली. सहज डोळा लावला. पेशी हलत होत्या. काचेवर यीस्ट उरलं नव्हतं आणि तांबड्या पेशीही उरल्या नव्हत्या. मरायचं सोडून त्या तिथे फिरत होत्या, काठाकडे जायच्या आणि परत यायच्या.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि चालायचे थांबले. मग म्हणाले, यांना काही तरी काम लागतं. काच सावित्राबाईची असेल असं त्यांनी धरलं. काचेवरची नावाची चिठ्ठी गळून पडली होती, त्यामुळे कुणाची ते मलाही सांगता येईना.

आज सकाळी चिंगीच्या कानातली फुलं गळून पडली. कानाला भोकंच नाहीत. ती हसली, पण हसू खरं नव्हतं.

३० डिसेंबर

चिंगीचं मूल गेलं.

सकाळी वाडीत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, पोट सपाट. मला वाटलं पुरून आले असतील. सावित्राबाईने मला अंगणात ओढून नेलं. "पुरायला काय आलंच न्हाई, बाई. रगात न्हाई, नाळ न्हाई, काय बी न्हाई. पोट रोज कमी कमी होत गेलं." सातवा महिना होता. पोर आतल्या आतच नाहीसं झालं.

तशीच बंगल्यावर आले. डॉक्टर ऐकून पांढरेफटक पडले. मग ते स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. मूल निम्मं आईचं, निम्मं बापाचं. म्हणजे आईच्या पेशींना ते निम्मं परकंच. एरवी त्या डोळेझाक करतात, म्हणून तर माणसं जन्माला येतात. या पेशी डोळेझाक करत नाहीत.

मी पदर पोटावर ओढून घेतला. पहिला विचार आला, तो लिहायची लाज वाटते: बरं झालं, मी औषध घेत नाही.

मग वाट्या आठवल्या. एकेकाच्या वाटीतून एकेक घोट. सगळ्या वाडीचे घोट रोज माझ्याच पोटात. त्यांच्यापैकी कुणापेक्षाही जास्त मी प्यायले आहे.

माझ्या मनगटावर तुळस गोंदलेली होती, आईने मी सहा वर्षांची असताना काढवून घेतलेली. मनगट कोरं आहे. कधीपासून, मला माहीत नाही.

५ जानेवारी १९६९, रविवार

हे आले. काहीच न सांगता यांचं बोट टोचलं. खरं 'नॉर्मल' रक्त मी इथे पहिल्यांदाच बघितलं. संथ पेशी, एखादा कण गिळतात आणि पडून राहतात. शेजारी माझ्या. मी फार वेळ बघू शकले नाही.

यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. यांनी माझे हात धरले आणि दिवसभर सोडले नाहीत.

६ जानेवारी

डॉक्टरांनाही सांगितलं. घोटांचं सांगितलं आणि पोटाचंही. ते खुर्चीवर बसले. माझं रक्त नॉर्मल धरून त्यांनी प्रमाण वाढवत नेलं, आणि मी मात्र त्या लोकांच्या पुढे होते. चूक माझी, रिवाज लॅबचा, औषध त्यांचं. कुणावर ओरडायचं?

काढा बंद. वाफे उपटून जाळले. डॉक्टर म्हणाले, या पेशी थोड्या दिवसांच्या असतात, मरतील आणि नव्या साध्या येतील. मी विचारलं, काचेवरच्या का नाही मेल्या?  पेशी मंद करणाऱ्या गोळ्या पुण्याहून मागवल्या आहेत.

१४ जानेवारी

आज बाळ हललं! आधी वाटलं वायू असेल. मग परत, अगदी स्पष्ट. मागच्या दोन्ही खेपांना इथवर पोचलेच नव्हते. एकटीच खोलीत मोठ्याने हसले. आहे माझं बाळ, आहे!

दुपारी वाडीत तिळगूळ घेऊन गेले, तर गेणू दारात बसला होता. डोळे दुधासारखे. हात पुढे करून विचारलं, कोन हाय. भुवया गेल्यात, नखं गेलीत, अंगावर पांढरे चट्टे. तापसुद्धा नाही त्याला. त्याचंच अंग त्याला परकं झालंय. चिंगीने तिळगुळाला हात लावला नाही.

गोळ्यांचा काही उपयोग नाही. काचेवर गोळीची पूड टाकली, ती पेशींनी गिळली.

२२ जानेवारी

सावित्राबाई काल गेली. हाडं तेवढी उरली होती. मरताना तिचं एकच मागणं, कोऱ्या अंगाने जाळू नका. म्हणून गेणूच्या चुलत्याने कामशेतच्या बाजारातून गोंदणाऱ्या धोंडाबाईला आणलं. मढ्याला गोंदायचं म्हटल्यावर ती तयार होईना, मी पाया पडले. तिने सुया काढल्या आणि कपाळावर, हातावर सगळी वेल पहिल्यासारखी काढली. सुई स्वतःच्या बोटाला लागली तशी बोट चोखून घेतलं. छान दिसत होती सावित्राबाई. वाडी रडायला लागली.

तिरडी बांधेपर्यंत वेल गेली होती.

आम्ही सगळे बघत होतो. दिवसाढवळ्या, उन्हात. आधी मनगट, मग कोपर, मग कपाळ. माणूस मेलं होतं. तिच्या पेशी मेल्या नव्हत्या.

२७ जानेवारी

डॉक्टर म्हणाले होते, या पेशींना काम लागतं. मग मी काम देईन. शाई द्यायची, म्हणजे बाळाकडे जाणार नाहीत.

धोंडाबाईकडून दोन्ही हात गोंदून घेतले. ती आधी नाही म्हणाली. मी पोट दाखवलं. मग सुया काढून बसली. फुलं, वेली, विंचू, मिळेल ते काढ म्हटलं. हात ठणकतात. ठणकू देत. बाळ हलतंय.

३० जानेवारी

हात कोरे. परत गेले. पाठ गोंदली, पाय गोंदले. धोंडाबाईने पदर कपाळावर पुढे ओढला होता. वाऱ्याने सरकला — तिचं स्वतःचं कपाळ कोरं. सुई लागली होती तिच्या बोटाला. रक्ताने जातं हे, एका थेंबाने. मी काय करून बसले —

ती म्हणाली, आता ह्यापुढं येऊ नको, बाई.

२ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्या थेंबात नवीन पेशी दिसल्या. लहान, चपळ. शाईचे कण त्यांच्याच पोटात. माझ्या मोठ्या पेशी संथ झाल्यात, कडेला सरकतात. लहान त्यांना गाठतात. गिळतात.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एवढ्या कोवळ्या पेशी मोठ्या माणसात नसतात. नाळेच्या रक्तात असतात.

बाळाच्या आहेत. काढा माझ्यातून तिलाही गेला — ती. मला वाटतं मुलगीच आहे. तिला मी निम्मी परकी. माझ्या पेशी तिच्यावर गेल्या, आणि ती —

ती जिंकते आहे.

मी हसले. हे माझ्याकडे बघत राहिले. यांना कळलं नाही मी का हसले. ती राहणार! चिंगीच्या बाळासारखं होणार नाही.

६ फेब्रुवारी

केस उशीवर. पायांना कळत नाही. पोट रोज वाढतंय, चोळ्या उसवल्या. डॉक्टर म्हणतात पोट मोकळं करायला हवं, नाही तर मी राहत नाही. हे रजा काढून इथेच राहिलेत. रडले. माझ्यासमोर कधी रडले नव्हते.

मी नाही म्हटलं. दोनदा दिलं मी. आता देणार नाही.

९ फेब्रुवारी

डावा डोळा दुधासारखा. उजव्याने लिहिते, ओळी कशाही जात असतील — पोट आठव्या महिन्याएवढं. सहावासुद्धा पुरा नाही.

यांनी कान लावला पोटाला. झटकन मागे झाले. काय ऐकलं विचारलं तर सांगत नाहीत.

भीती वाटते. मरायची नाही — वाटते, तीही वाटते. तिला बघायचं होतं मला. नुसतं एकदा मांडीवर —

१२ फेब्रुवारी

ती आतून दाबते तिथे मला लागत नाही. तिथे मी उरलेच नाही बहुतेक.

हे दिवसभर बाजूला बसतात. मुलगी झाली तर छातीशी धरून झोपवीन म्हणाले. कपड्यांचे चौकोन कापून ठेवलेत यांनी, मऊ धोतराचे —

१४ फेब्रुवारी

दुपार. उजेड आहे एवढं कळतं.

बाहेर डॉक्टर आणि हे. गाडी आणलीय पुण्याला न्यायला. मला वाचवायचं म्हणतात. आतून कडी घातली. कशी घातली माहीत नाही, हात आहेत की —

येते आहे ती. दुखत नाही. कुठेच दुखत नाही

दुधासाठी कुणाला शोधू नका — तिला दूध लागायचं नाही

आईला सांगा मी सुखात — नाही, सुखात नाही, पण ती आहे. आहे ती. रडली. मी ऐकलं —

हे दार ढकलतायत. हाक मारतायत. आवाज निघत नाही माझा. यांना सांगायला हवं, तिला उचलू नका, छातीशी धरू नका, मी निम्मी परकी होते म्हणून — तुम्हीसुद्धा तिला निम्मेच